कायतान मिस्त्रींची उन्हाळी शाळा

कायतान मिस्त्री पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचा धडा वाचत. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं. नोकरी लागून पंधरा दिवस झाले होते आणि जगाला शिकवण्याची हौस दांडगी होती. "मिस्त्री, पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. "बाई, कापसातून सरकी काढाचं जिन-मशीन घेतानी मी कपाशी कुठून टाकतात ते नाई पाहत. दुसऱ्या बाजूनं काय पडते ते पाहतो. रुईत सरकी आली का मशीन परत."

एवढं बोलून त्यांनी पुस्तक मिटलं, त्याच्या पाठीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं आणि डाव्या हाताच्या ढिगावर ठेवलं. डावा ढीग म्हणजे नापास. निवडायच्या पुस्तकांचे आणखी तीन ढीग पलंगावर होते आणि पलंगाच्या पायाशी त्यांची आठ वर्षांची फिलोमिना, म्हणजे फिलू, आपलं काय ठरतं आहे ते बघत बसली होती.

हे अकोटचं. अंजनगावच्या रस्त्यावर, गावापासून दोनेक मैलांवर एक जिनिंग-प्रेसिंग होतं आणि त्याच्या आवारात पत्र्याची चाळ. मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते. आमच्या घरानं बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं. गावात खोली बघायला गेले की घरमालकीण आडनाव विचारी आणि मग तिला आठवे की खोली कालच दिली. चौथ्या की पाचव्या दारावरून परतताना कुणीतरी जिनातल्या मिस्त्रीचं नाव सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "सायकल येते का बाई? दोन मैल पडन," एवढंच म्हणाले आणि शेजारच्या खोलीची किल्ली दिली.

उंच, वाळके, खाकी अर्धी चड्डी, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस आणि नखांत कायमचं वंगण. पोरवयात गोव्याहून कुठल्याशा मुकादमाच्या मागं आले ते वऱ्हाडचेच झाले. बोलत अस्सल वऱ्हाडी, पण वाक्याच्या शेवटी सूर असा लांबवत की समुद्राकडचा माणूस लपत नसे. सगळ्या अकोटात कॅथलिक घर हे एवढंच. अमरावतीचे फादर दोन महिन्यांतून एकदा एसटीनं येत, मिस्त्रींच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड अंथरून मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, करत आणि त्या मिस्साला माणसं दोन. बाप आणि लेक.

फिलूची आई, अण्णाबाई, फिलू तीन वर्षांची असताना गेली. अण्णाबाई स्वतः वाढली होती मिशनच्या बोर्डिंगात. आईबाप नसलेली वऱ्हाडातलीच मुलगी. तिला तिथं कुणी छळलं नव्हतं, दोन वेळचं खायला मिळालं, वाचायला आलं. पण मरताना तिनं नवऱ्याकडून दोन वचनं घेतली. एक, पोरीला आपला धर्म नीट शिकवायचा. दुसरं, पोरीला बोर्डिंगात टाकायचं नाही. "माही पोट्टी घंटीवर जेवनार नाई," असं ती म्हणाली होती, हे मिस्त्रींनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. सांगताना दर वेळी हातातलं काम थांबवत.

आता या दोन वचनांत फिलूचं शिक्षण अडकलं होतं. धर्म शिकायचा तर अमरावतीचं कॉन्व्हेंट, आणि कॉन्व्हेंट म्हणजे बोर्डिंग. माझ्या शाळेत घालायचं तर रोज दोन मैल न्यायला-आणायला कोण, आणि धर्म कोण शिकवणार? फादरांचंही म्हणणं होतं की मूल कॅथलिक शाळेतच जावं. शेवटी मिस्त्रींनी ठरवलं की घरीच शिकवायचं. फादर फार समजूतदार माणूस. त्यांनी तीन वर्षांची मुदत दिली. तीन वर्षांनी, मिस्सातला पहिला ख्रिस्तप्रसाद देण्याआधी, ते स्वतः फिलूची परीक्षा घेणार. धर्माची आणि शाळेच्या अभ्यासाचीही. जमलं नसेल तर फिलू अमरावतीला.

मला मिस्त्रींचा राग यायचा, हे कबूल करते. ज्या शाळेच्या ओसरीवर माझ्या आईला चढू दिलं नव्हतं, तसल्याच एका शाळेत मी खुर्चीवर बसत होते. आणि हा भला माणूस पोरीला शाळा नको म्हणत होता. मी ताडकन बोलले होते, "मिस्त्री, दोन मैल मी नेते तिले सायकलवर. घाला आमच्या शाळेत." ते म्हणाले, "तुमी किती दिवस अठी राहासान बाई?" मला तो अपमान वाटला. आज वाटतं, त्या माणसानं माझ्याही बाबतीत शेवटचा धडा आधी वाचला होता.

तर ते तीन ढीग. एक सरकारी मराठी पुस्तकांचा. तेव्हा आमचा मुलूख या राज्यातून त्या राज्यात जात होता, नागपूरकडची पुस्तकं जाऊन मुंबईकडची येत होती, त्यामुळं या ढिगात दोन्हीकडची सरमिसळ. दुसरा फादरांनी आणून दिलेल्या इंग्रजी पुस्तकांचा. तिसरा गोव्याहून मिस्त्रींच्या बहिणीनं पाठवलेल्या कोकणी धर्मपुस्तकांचा. मिस्त्रींचं इंग्रजी मशीनवरच्या पाट्यांपुरतं, म्हणून इंग्रजी पुस्तकाचा शेवटचा धडा मी त्यांना समजावून सांगितला. एक मुलगी बर्फातून चालत मावशीकडं केक घेऊन जाते.

"अठी अकोटात," मिस्त्री म्हणाले, "मे महिन्यात आमच्या पोट्टीनं कोन्या बर्फातून जावं? आन मावशी तं नाईच तिले." डावा ढीग.

कोकणी पुस्तक त्यांनी स्वतःच मोठ्यानं वाचलं. दोन पानं वाचली आणि बोट घालून पुस्तक मिटलं. म्हणाले, "हे माह्या मायचं. पन फिलूची माय मराठीत बोले देवासंगं. पोट्टी तिच्या मायच्याच भाषेत शिकन." ते पुस्तक त्यांनी नापास केलं नाही. कपाळाला लावून पेटीत ठेवलं आणि फादरांकडून मराठी धर्मपुस्तक मागवलं.

सरकारी वाचनमालेतलं एक पुस्तक मात्र पहिल्याच फेरीत पास झालं. त्याचा शेवटचा धडा पत्र कसं लिहावं याचा होता. "हे घेऊ. अखेरीले पोट्टीले चिठ्ठी लिहाले येईन." मी विचारलं, चिठ्ठी कोणाला लिहील ती? "मले. अजून कोन हाय?" मला पुन्हा हसू आलं. एका खोलीत राहणारी बापलेक, यांना टपालाचं काय काम?

निवडलेल्या पुस्तकांना मिस्त्रींनी बारदानाची कव्हरं शिवली, कापसाच्या गाठी शिवतात त्या दाभणानं आणि त्याच सुतळीनं. सात पुस्तकं आणि एक कंपासपेटी, सगळी सारख्या टाक्यांची. मग वेळापत्रक काढलं. दसऱ्या-दिवाळीपासून होळीपर्यंत जिनाचा हंगाम, तेव्हा मिस्त्री पहाटे पाचला जात ते दिवेलागणीला येत. म्हणून हंगामात शाळेला सुट्टी. शेवटची गाठ दाबली, मशीन थंड झालं, की शाळा सुरू, ती पुढच्या दसऱ्यापर्यंत. उन्हाळाभर सकाळी आठ ते अकरा, आवारातल्या कडुनिंबाखाली. हंगामात फक्त धर्माची उजळणी संध्याकाळी माझ्याकडं, कारण धर्माला सुट्टी नसते असं मिस्त्रींचं म्हणणं. मी ट्रेनिंगला वेळापत्रकात पैकीच्या पैकी मार्क मिळवलेली बाई. मी गणिताचे तास मोजले, भाषेचे मोजले, भूगोलाला एक वाढवला आणि झकास म्हणाले. त्यातली चूक मला दिसली नाही. तीन वर्षं दिसली नाही.

कडुनिंबाला मिस्त्रींनी रुळाचा एक तुकडा टांगला. त्यावर पान्याचा टोला मारला की शाळा भरली. मी एकदा चिडवलं, "अण्णाबाईले घंटी नको होती ना?" ते एकदम ओशाळले. "जेवाले नाई वाजवत बाई. फक्त अभ्यासाले." आणि खरंच, दुपारी ते झाडाखाली जाऊन फिलूच्या डोक्यावर हात ठेवत आणि तिला हळूच जेवायला उठवत.

शिकवत मात्र मन लावून. आदल्या दिवशी धडा स्वतः वाचून ठेवत. अडलं तर माझी सायकल दिसताच माझ्या दारात उभे. चतुर्थांश आणि छेद शिकवायला त्यांनी नट-बोल्ट मांडले. नद्या शिकवायला आवारातल्या मातीत पाणी सोडलं आणि पूर्णा नदीला जरा जास्तच पाणी दिलं. फिलू हुशार होती. एक मात्र होतं, की शाळेच्या दिवसांत ती हसत नसे. मला वाटे, बापाच्या धाकानं असेल. पण धाक तर नव्हताच.

हंगामातली तिची धर्माची उजळणी ही माझ्या आयुष्यातली एक गंमत. आम्ही नुकतेच घरातले देव बाहेर ठेवून आलेलो, आणि मी रोज संध्याकाळी कंदील पुसत त्या बारदानी पुस्तकातून विचारणार की देव कोण, तो कुठं असतो. फिलू धडाधड उत्तरं देई. एकदा तिनं पुस्तकात बोट ठेवून विचारलं, "बाई, तुमचा देव कोन?"

"आमचा देव नाही फिलू."

"मंग तुमी कोनाले सांगता?"

काय सांगता, असं मी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, पुढचा प्रश्न घे.

हंगामात ती वेगळीच मुलगी असे. मेळघाटच्या पायथ्याची माणसं मजुरीला येत, चाळ भरून जाई, चुली पेटत, आवार पोरांनी फुले. फिलू दिवसभर त्यांच्यात. दर वर्षी वेगळी कुटुंबं आणि वेगळी पोरं, पण तिला मैत्री व्हायला आठ दिवस पुरत. तिसऱ्या वर्षी झुमकी नावाची एक मुलगी आली होती. दोघी इतक्या एकमेकींच्या होत्या की झुमकीची आई दोघींच्या वेण्या एकाच वेळी घालायची, एक या गुडघ्याशी आणि एक त्या गुडघ्याशी.

त्या वर्षी होळीनंतर हंगाम संपला. शेवटच्या गाठीला आमच्या जिनात हार घालत, नारळ फोडत आणि प्रेसचा दांडा मिस्त्रींनी ओढायचा असा मान होता. मिस्त्रींनी क्रुसाला हात लावून दांडा ओढला, गाठ दाबली गेली, पट्ट्या बसल्या, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ट्रक गाठी घेऊन अकोल्याकडं गेला. तिसऱ्या दिवशी मजूर गेले. झुमकी बैलगाडीच्या मागच्या बाजूला बसून गेली. चौथ्या दिवशी सकाळी आठला रुळावर टोला पडला आणि फिलू झाडाखाली रिकाम्या हातानं येऊन उभी राहिली.

पुस्तकं नव्हती. सातही नाहीत, कंपासपेटी नाही. खोली पाहिली, माळा पाहिला. रविवार होता, म्हणून मीही शोधत होते. अर्ध्या तासानं फिलू म्हणाली, "रुईच्या खोलीत होते."

"कुठं?"

"ढिगात. खोल घातले होते."

रुईच्या खोलीतल्या त्या ढिगाचीच शेवटची गाठ झाली होती. चार महिने विचार करून निवडलेली, दाभणानं शिवलेली पुस्तकं मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं दाबून अकोल्यावरून मुंबईच्या वाटेला लावली होती. मला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी विचारलं, "कंपासपेटीतला कंपास लोखंडी होता न?" आणि पायात चपला अडकवून मॅनेजरकडं गेले. गाठीत लोखंड गेलं की पुढं गिरणीत ठिणगी पडते, आग लागते. ती गाठ अकोल्याला अडवायला त्यांनी माणूस पाठवायला लावला, चूक स्वतःची सांगितली आणि तासाभरानं परत येऊन फिलूसमोर मातीत बसले.

"काहून टाकले बेटा? अभ्यास आवडत नाई?"

"आवडते."

"मंग?"

फिलूनं जमिनीकडं बघत सांगितलं, "पुस्तकं काढले का सारे निघून जातात."

मिस्त्रींना कळलं नाही. मला कळलं. तीन वर्षं या मुलीला दिसत होतं ते एवढंच. बारदानी पुस्तकं बाहेर आली, रुळावर टोला पडला, की चाळ रिकामी. चुली विझलेल्या, झुमकी नाही, कुणी नाही. उरतात बाप आणि कडुनिंब. पुस्तकं नसली तर माणसं जाणार नाहीत, असं तिनं धरलं होतं. वेळापत्रकाला झकास म्हणणारी मी होते. मला फार लाज वाटली.

मी मिस्त्रींना समजावून सांगितलं. त्यांनी रिकाम्या चाळीकडं पाहिलं. मग म्हणाले, "माल चांगला पडत होता बाई, म्हनून. मशीनचा आवाज नाई ऐकला मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. तीन वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते बोलले. "बाई, तुमच्या शाळेत घालतो तिले. तुमच्या संगं येईन-जाईन. धर्म तं तुमी घेताच. फादरले मी सांगतो."

माझ्या पिशवीत बदलीचा हुकूम होता. शनिवारीच मिळालेला. अकोल्यात माझी आई एकटी, तिला दिसेनासं झालेलं, म्हणून मीच अर्ज केला होता. त्यांना सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. सांगताना मला त्यांच्याकडं बघवलं नाही.

ते दारातच थोडे मागं सरकले. "जा बाई. माय एकटी हाय न तुमची," म्हणाले, आणि मग मलाच बरं वाटावं म्हणून, "सायकल एसटीवर टाकतानी चाक सोडून घ्याजा. मी देतो सोडून."

ईस्टरनंतर फादर आले. परीक्षा मिस्त्रींच्या खोलीत झाली, पुस्तकांशिवाय. फादर विचारत गेले आणि फिलू सांगत गेली. धर्म सगळा तोंडपाठ, गणित अचूक, नद्या उगमापासून. शेवटी फादरांनी चष्मा काढून पुसला. "मिस्त्री, आमच्या शाळेत याहून चांगलं झालं नसतं. मला आक्षेप नाही. मुलीला खुशाल घरी ठेवा."

तीन वर्षं या वाक्यासाठी त्या माणसानं जिवाचं रान केलं होतं. मी खिडकीशी उभी होते, मिस्त्रींच्या चेहऱ्यावर आनंद बघायला. ते भिंतीवरच्या अण्णाबाईच्या फोटोकडं पाहत होते.

"नाई फादर," ते म्हणाले. "घेऊन जा तिले."

फादर चमकले. "तुम्ही जिंकलात, मिस्त्री."

"हो जी. पन तठी पोट्ट्या हायेत न? पन्नास-साठ?"

"शंभराच्या वर आहेत."

"आन शाळा सुरू झाली का त्या जात नाईत. येतात." त्यांनी फिलूच्या पाठीवर हात ठेवला. "घंटीवर जेवन तं जेवन. एकटी नाई जेवनार."

जून महिन्यात मी अकोल्याला गेले आणि फिलू अमरावतीला. त्यानंतर मिस्त्री मला एकदाच भेटले. पुढच्या वर्षी, मे महिन्यात. शाळेतून एक दाखला घ्यायचा होता म्हणून मी सकाळच्या एसटीनं अकोटला आले आणि वेळ होता म्हणून जिनाकडं चालत गेले. आवारात चिटपाखरू नव्हतं. प्रेस ताडपत्रीखाली झाकलेलं. कडुनिंबाखाली मिस्त्री खोक्यावर बसले होते, समोर दुसरं खोकं ठेवलेलं, रिकामं. मांडीवर एक पुस्तक, त्याला नवं बारदानी कव्हर.

मला पाहून त्यांना खूप आनंद झाला. पाणी दिलं, आईची चौकशी केली. फिलू छान आहे म्हणाले, गाण्यात असते, मैत्रिणी चिक्कार. सुट्टीत घरी आली होती, पण आठ दिवसांत जायची घाई. मैत्रिणीच्या घरी वरुडला जायचं होतं, तर जाऊ दिलं. मग खिशातून तिची पत्रं काढून दाखवली. पहिली तीन-चार मराठीत होती, वाचनमालेच्या शेवटच्या धड्यात होती तशी, मायना आणि समासासकट. नंतरची सगळी इंग्रजीत.

"सराव व्हावा म्हनून लिहाले सांगतात," ते म्हणाले. "मॅनेजरकडून वाचून घेतो. पन लोकाच्या तोंडून आपली पोट्टी कशी वाटते, सांगू बाई..." त्यांनी पत्रं घडी करून खिशात ठेवली.

मांडीवरचं पुस्तक मी पाहिलं. इंग्रजीचं पहिलं. बर्फातून मावशीकडं जाणाऱ्या मुलीचं, तेच, नापास केलेलं. पहिल्या धड्याशी खुणेला सुतळी घातलेली होती. मला राहवलं नाही. "मिस्त्री, या वेळी शेवटचा धडा आधी नाही वाचला?"

"नाई बाई." त्यांनी सुतळी नीट केली. "अखेरीले काय पडते ते मालूम हाय मले."

आणखी बसावं असं मला फार वाटत होतं, पण दाखला घेऊन बस गाठायची होती. फाटकापर्यंत ते पोचवायला आले नाहीत. त्यांची वेळ झाली होती. मी रस्त्याला लागले आणि मागं रुळावर पान्याचा टोला पडला. शाळा भरली होती.